हिमनदीचं दुसरं नाव

आमच्या घरापासून नाकासमोर दक्षिणेला चालत राहिलं तर कर्नाटक आणि केरळ संपल्यावर समुद्र लागतो आणि मग बर्फ येईपर्यंत मध्ये फारसं काही लागत नाही. माझी मुलगी त्या बर्फावर आहे. तिच्या आणि आमच्या घड्याळात विशेष फरक नाही. आमच्याकडे दुपारचे बारा वाजतात तेव्हा तिच्याकडेही जेवणाची वेळ होत आलेली असते. जून महिन्यात मात्र तिच्याकडे त्या बाराला सूर्य नसतो.

त्याच जूनमध्ये तिची आई गेली.

हे सांगितलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "विमान नव्हतं का?" नव्हतं. तिकडचा उन्हाळा संपता संपता शेवटचं जहाज तिथून निघतं आणि पुढचं माणूस यायला दिवाळी उलटते. मधले महिने आत असतील ते आत. मी तिच्या खात्याच्या कचेरीत फोन लावला, आवाज चढवला, वरच्या साहेबाला द्या म्हणालो. तो साहेब इतका नम्र होता की मला भांडायला जागाच मिळेना. "काका, आम्हालाही आणता येत नाही हो," एवढंच तो म्हणत राहिला. नाही म्हणणाऱ्याकडून हो काढून घेण्यावर मी आयुष्य काढलं आहे. सातवीतून शाळा सुटली, घोडेगावच्या बाजारात दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरून उभा राहिलो, आणि त्याच बाजारात आज माझ्याआधी कुणी चांगल्या जोडीवर बोली लावत नाही. पण त्या दिवशी समोर कुणी माणूसच नव्हता. समोर हिवाळा होता.

मी रडलो नाही. हे मोठेपणाने सांगत नाही. रडू आलंच नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो आणि नसतो, तसं काहीतरी झालं होतं. चहा गरम आहे की गार ते कळायचं नाही.

दहाव्याला नेवाशाला प्रवरेच्या काठावर गेलो. त्याआधी गावच्या चौकात बायकोचा फ्लेक्स लावला होता. फोटो मोठा, खाली नाव, खाली दहाव्याचं ठिकाण. तिचा धाकटा भाऊ पारनेरहून आला, तो गाडीतून उतरून आधी त्या फ्लेक्ससमोरच उभा राहिला.

"दाजी, ही कोन?"

"डोळे गेले का तुझे? तुझी बहीण."

"फोटू बहिनीचा हाय. नाव दुसरीचंच दिसतंय."

मी काय बोललो ते चौकातल्या सगळ्यांनी ऐकलं. रेशनकार्डावर हेच नाव, सातबाऱ्यावर हेच नाव, चाळीस वर्षं हिने माझ्या घरात याच नावाने संसार केला, आणि तू कोण आलास नाव विचारणारा? त्याने गाडीचं दार लावून घेतलं. पुढे घाटावर आमच्यापासून चार हात लांब उभा राहिला आणि सगळं उरकल्यावर न जेवता निघून गेला.

तो असं का म्हणाला ते सांगायला हवं. आमच्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलतात. तांदूळ पसरलेलं ताट पुढे येतं, अंगठीच्या टोकाने नवऱ्याने त्यात नवं नाव लिहायचं, वाजंत्री वाजते, झालं. तिचं माहेरचं नाव आणि माझ्या आत्याचं नाव एकच निघालं. आत्या घरात मोठी, तिच्या तोंडाला कोण लागणार. "एका घरात एका नावाच्या दोघी नकोत," ती म्हणाली आणि तिनेच दुसरं सुचवलं. मी लिहिलं. शेजारी बसलेल्या मुलीला कुणी विचारलं नाही. मीही नाही. आणि मी लिहिलेलं नावसुद्धा मी पुढे कधी घेतलं नाही, कारण बायकोला नावाने हाक मारायची रीत नव्हती. "ऐकलं का" एवढ्यावर चाळीस वर्षं निघाली.

तर घाटावर पिंड ठेवलं आणि कावळा शिवेना. पलीकडच्या बाभळीवर बसला होता, मान वाकडी करून बघत होता. जिची इच्छा राहिली असेल तिची इच्छा बोलून दाखवायची, म्हणजे तो येतो, असं आमच्यात मानतात. सगळे सुरू झाले.

"चहा ठेवा, चहा लागायचा वहिनींना!"

"धाकट्या गाईला इकत न्हाई म्हनून सांगा!"

"नातसून बघून जायचं होतं तिला."

"आरं, नातूच न्हाई तर नातसून कुठली, गप बस!"

माझा पुतण्या हातात मोबाईल धरून उभा होता. मोबाईलमध्ये मुलगी होती. त्या एवढ्याशा चौकोनातून ती हे सगळं बघत होती. ऊन वाढत चाललं होतं, भटजी घड्याळ बघत होते, कावळा काही हलत नव्हता. मी पुढे झालो आणि बाजारात पलीकडच्या रांगेला ऐकू जावं अशा आवाजात ओरडलो, "लेकीला परत आणतो! पहिल्या जहाजाने आणतो! पुन्हा त्या बर्फात पाय टाकू देणार नाही, हा माझा शब्द!"

कावळा उतरला. भात नेला.

एक म्हातारे पाहुणे मान हलवत म्हणाले, "लेकीत जीव अडकला हुता, दुसरं काय." बायकांनी डोळे पुसले. पुतण्याच्या हातातून आवाज आला, "आबा, मला विचारलंत का?" मग तिचं चित्र थिजलं, तोंड अर्धवट उघडं, आणि फोन तुटला.

बाजारात आमच्या सौद्याला कागद नसतो. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, हातावर हात पडला की सौदा पक्का. नंतर बैल मेला तरी तुम्ही मागे फिरत नाही. फिरलात तर पुढच्या शुक्रवारी तुमच्या रुमालाखाली कुणी हात घालत नाही. मी एकदाही फिरलेलो नाही. म्हणून घाटावर बोललेलं मी बोलून गेलो असं नव्हतं, तो माझा शब्द होता.

पंधरा दिवस तिचा फोन आला नाही. मग आला, आणि आम्हा दोघांनाही कळेना काय बोलावं. आईबद्दल बोललं तर शब्दावर येणार आणि शब्दावर आलं तर भांडण होणार. म्हणून ती मोजते त्या हिमनदीबद्दल मी विचारलं.

तिचं सगळं काम त्या हिमनदीचं. जनावर घेताना त्यात चांगलं काय आहे ते मी बघत नाही, ते विकणारा सांगतोच. मी खोड शोधतो. दात बघतो, खूर उचलतो, खांद्यावरून हात फिरवतो, चालवून बघतो. जिने माझी मुलगी धरून ठेवली तिच्या खोडी मला हव्या होत्या.

"लांबी किती?" मी विचारलं.

"चारशे किलोमीटरच्या पुढे."

"रुंदी?"

"नगरहून निघालात तर पैठण येईल. जिथे रुंद आहे तिथे."

"खोल?"

"काही ठिकाणी अडीच किलोमीटर बर्फ आहे. आबा, तुम्ही बैल घेताय का?"

"तुझ्या खिडकीतून दिसते?"

"नाही हो. आमचं ठाणं किनाऱ्यावर आहे, ती पश्चिमेला बरीच लांब. उन्हाळ्यात हेलिकॉप्टरने जातो, काठ्या रोवून येतो, कुठली काठी किती सरकली ते बघतो. आता नुसते आकडे आणि उपग्रहाचे फोटो."

मी समजत होतो ती त्या नदीच्या काठावर घर करून राहते. ती तर तिला महिनोन्‌महिने दिसतही नव्हती. हे ऐकून मला उगाच त्या नदीची बाजू थोडी उजवी वाटली.

मग दर दोन-चार दिवसांनी मी विचारत गेलो. त्या खंडाच्या मध्यावर उंच पठार आहे, तिथे पडलेला बर्फ वितळतच नाही, साठत जातो आणि स्वतःच्याच वजनाने उताराला लागतो. डोंगरांच्या मधल्या एका लांब खोल दरीत तो उतरतो. वाटेत दोन्ही अंगांनी लहान हिमनद्या येऊन मिळतात. शेवटी जमीन संपते तरी बर्फ संपत नाही, तो समुद्रावर तरंगत पुढे जातो, एक मैदानच, आणि त्याच्या कडेचे तुकडे तुटून पाण्यात पडतात.

"वाहताना दिसते?"

"नाही. वर्षाला शेकडो मीटर. तोंडाशी त्याहून जास्त."

"म्हणजे आडमुठी आहे."

"नाही आबा. मागून सगळा बर्फ रेटतोय तिला. थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही."

लहान हिमनद्या मिळतात म्हणजे टोक्याला प्रवरा गोदावरीत मिळते तशा, असं मला वाटलं. ती म्हणाली, तशा नाही. पाणी मिसळतं, मग कुठलं कुणाचं सांगता येत नाही. बर्फ मिसळत नाही. दोन नद्या एका पात्रात आल्या तरी शेजारीशेजारी चालतात, मध्ये दगडगोट्यांची काळी रेघ राहते, आणि ती रेघ कितीतरी लांबपर्यंत तशीच दिसते. याला खोड म्हणावं की नाही ते मला ठरवता आलं नाही.

मध्ये एक दिवस हॉस्पिटलच्या फायली आवरताना भिंतीवरचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर खाली पडलं. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने काहीतरी लांबट काढलं होतं, कडुनिंबाच्या पानासारखं, शिरांसकट. टोकाला बाण आणि "समुद्र". बाजूला लांब एक टिंब आणि "पोरगी". बायकोने फोनवर ऐकून ऐकून हिमनदी काढली होती. मी ज्या खोडी महिनाभर विचारत होतो त्या सगळ्या तिला आधीच माहीत होत्या. कागद पालटला. ऑक्टोबरच्या एका चौकोनात तिच्या अक्षरात लिहिलं होतं: "गाठ, रिपोर्ट. पोरीला सांगायचं नाही." मुलगी नोव्हेंबरमध्ये निघाली. मला मात्र गाठीचं कळलं ते फेब्रुवारीत, तेही जेवण जाईना तेव्हा.

मी ते कॅलेंडर गुंडाळलं आणि कपाटावर ठेवलं. हात स्वच्छ धुतले. राग यायला हवा होता, आला नाही. एवढंच मनात आलं की माझ्याच घरात सौदा झाला आणि मला बाजूला ठेवून झाला.

नाव मी सगळ्यात शेवटी विचारलं. एवढ्या मोठ्या जनावराचं नाव काय? तिने सांगितलं. ते एका साहेबाचं आडनाव आहे, मी इथे लिहीत नाही. त्याची माझ्याकडून फुकट जाहिरात नको.

"हा साहेब कोण?"

"मोजणी खात्याचा प्रमुख होता, त्याच्या देशाचा."

"त्याने शोधली?"

"नाही. त्याच्याआधी दुसऱ्या देशाच्या विमानांनी वरून फोटो काढले होते. त्या फोटोंवरून एकाने टेबलावर बसून नकाशा केला आणि त्या विमानाच्या टोळीचं नाव नदीला दिलं. काही वर्षांनी या लोकांनी ते बदलून साहेबाचं ठेवलं."

"साहेब तिथे गेला तरी होता का?"

"माहीत नाही मला."

"आणि पहिलं नाव?"

"त्या टोळीचंच, पुढे एक आकडा. आता जुन्या नकाशांतच सापडतं."

"कुणी तक्रार केली नाही?"

"कोण करणार, आबा? तिथे राहतंय कोण?"

कितीतरी दिवसांनी माझं डोकं तापलं. बरं वाटलं. मी म्हणालो, ज्याने पाय ठेवला नाही त्याचं नाव लावायचं, आधीचं खोडायचं, आणि जिला नाव दिलं तिला विचारायचंसुद्धा नाही, ही कुठली रीत? चोरबाजारातसुद्धा असं चालत नाही!

तिने मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "ताटात लिहिताना तुम्ही आईला विचारलं होतं?"

"तो विषय वेगळा."

"आणि घाटावर मला?"

मग तिने सगळं सांगितलं. तिच्या वरिष्ठांनी तिला आणखी एक उन्हाळा आणि एक हिवाळा राहशील का म्हणून विचारलं होतं. रोवलेल्या काठ्या पुन्हा मोजायच्या होत्या. महिन्याभरात उत्तर द्यायचं होतं. तिला राहायचं होतं.

"पण मी नाही म्हणेन," ती म्हणाली. "आईच्या पिंडावर दिलेला शब्द माझ्यामुळे मोडला असं मला नकोय. पहिल्या जहाजाने येते. फक्त एवढं सांगा, तो शब्द आईचा होता की तुमचा?"

"कावळा शिवला," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी जिंकलो होतो. समोरच्याने हात पुढे केला होता, मला फक्त त्यावर हात ठेवायचा होता. पण "ये" म्हणून सांगणारा फोन मी आठवडाभर केला नाही. शुक्रवारी बाजारात गेलो, एका खोंडाचे दात बघितले, आणि किती दात होते ते मालकाला सांगायच्या आत विसरलो. मालक म्हणाला, "शेठ, पुन्हा बघा की." मी बघितलं नाही. परत निघालो.

सौदा मोडायची आमच्यात एकच वाट आहे. ज्याला शब्द दिला त्याने आपण होऊन सोडावं लागतं. मी शब्द दिला होता बायकोला, आणि तिच्या बाजूचं माणूस आता एकच उरलं होतं. पारनेरची गाडी धरली.

मेव्हणा ओट्यावर मुगाच्या शेंगा निवडत बसला होता. त्याने मला बघितलं, उठला नाही, पण सूप थोडं बाजूला सरकवलं.

"या दाजी. फ्लेक्स काढला का अजून तसाच हाय?"

"पावसानं फाटला."

"बरं झालं. पावसाला तरी अक्कल हाय."

मी बसलो. सरळ मुद्द्यावर आलो. म्हणालो, घाटावर तुझ्यादेखत शब्द दिला, तो मला सोडवून पाहिजे. पोरीला राहायचंय.

तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मी थट्टा करत नाही.

"दाजी, तुमाला खरंच वाटतं त्यो कावळा तुमच्या शब्दानं आला?"

"सगळ्यांनी बघितलं."

"सगळ्यांनी न्हाई, मी बघितलं. मी लांब हुतो. समदे पिंडाला चिकटून उभे, त्यो बिचारा येनार कुठून? तुमी आरडलात, माणसं दचकून मागं सरली. वाट झाली, आला. भुकेला हुता."

मी म्हणालो, असेल. तरी शब्द दिला तो दिला.

"व्हय, पन कुणाच्या वतीनं दिला?" त्याने शेंग सोलून दाणे माझ्या हातावर ठेवले. "ताईची ती इच्छाच नव्हती. रिपोर्ट आनायला मीच गेल्तो तिच्यासंगं. म्हटलं, दाजींना सांग, पोरीला थांबव. ती म्हनाली, पोरगी गेली पायजे. त्यांना सांगितलं तर ते जहाजापुढं आडवे पडतील."

मी दाणे तोंडात टाकले. कोवळे होते. ते कोवळे होते हे मला कळलं, एवढंच. मी आडवा पडलो असतो, हे खरं होतं. तिने माझी खोड बरोबर ओळखली होती, आणि गाठ लपवून व्यवहार पुरा केला होता.

"तर सोडतोस का?" मी विचारलं.

"मी कोन सोडनार? तिला सांगा. इथं तिच्या माहेरात बसून सांगा." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पन तिच्या नावानं सांगा. ताटातल्या न्हाई."

मी भाव पाडायचा प्रयत्न केला. मनात म्हटलं तर चालेल का, म्हणालो. त्याने नाही म्हणून मान हलवली. परसात त्याची बायको भांडी घासत होती, तिने नळ बंद केला.

मी ते नाव घेतलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणालो, पोरीला राहू दे, माझा शब्द परत घेतो. आवाज नीट निघाला नाही म्हणून मेव्हण्याने पुन्हा म्हणायला लावलं, मी पुन्हा म्हणालो. झालं काहीच नाही. छातीतलं हललं नाही, डोळे कोरडेच. आत्या मला त्या नावातून आठवली, बायको नाही. सवय नसलेलं नाव ते.

तिथूनच फोन लावला. म्हणालो, "राहा. त्यांना हो सांग."

"शब्दाचं काय?"

"मोडला. तुझ्या मामाच्या ओट्यावर."

 ती म्हणाली, "आबा, जेवलात का?" मी म्हणालो, अजून नाही.

मेव्हण्याने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "ए बाय, मामा बोलतोय. तिकडं कुत्री हायेत का गं? न्हाईत? मग राखन कोन करतं? लई अवघड हाय बाबा." मग एकदम मोबाईल कानापासून लांब धरून मला विचारलं, "दाजी, ही मोजती त्या नदीचं नाव काय म्हनली?"

मी सांगितलं.

"ह्यो कोन बाबा?"

"मोजणी खात्यातला मोठा साहेब होता."

"म्हंजे आपल्या तलाठ्यावानी?"

"त्याच्याहून मोठा."

"आनि तिचं आधीचं नाव?"

मला आठवेना. मुलीने एकदा सांगितलं होतं, विमानाच्या टोळीचं काहीतरी, पुढे एक आकडा. मी फोन त्याच्याकडून घेतला आणि तिला ते पुन्हा विचारलं. तिने सावकाश सांगितलं. मेव्हण्याच्या बायकोने आतून पेन आणून दिलं, आणि मी ते तळहातावर लिहून घेतलं.